पार्टी टिकते कशी? वाचकांचे प्रश्न, वादकाची उत्तरं

मागच्या अंकात आपण हळदी-वराती, जत्रा आणि गणपतीत वाजवणाऱ्या जुन्या ऑर्केस्ट्रा आणि बॅन्जो पार्ट्यांवर लिहिलं होतं, म्हणजे ज्या स्वतःचं एक गाणं न काढता वर्षानुवर्षं दुसऱ्यांची हिट गाणी वाजवून अख्ख्या पंचक्रोशीला नाचवतात त्या. त्यावर प्रश्नांचा ढीग आलाय. सगळे घेणं शक्य नाही, सारखे वाटले ते एकत्र केलेत, आणि "आमच्या मुलीला रिअ‍ॅलिटी शोमध्ये कसं पाठवायचं" वाले बाजूला ठेवलेत, तो माझा प्रांत नाही.

दादा, आमच्याकडे दर दिवाळीनंतर दोन-तीन नवीन पार्ट्या निघतात, बॅनर लागतात, टी-शर्ट छापतात आणि पुढच्या लग्नसराईआधीच फुटतात. पण एक जुनी पार्टी माझ्या वडिलांच्या वरातीत वाजली होती आणि परवा माझ्या भावाच्या हळदीला पण तीच. वादक तर काही फार भारी नाहीत. मग टिकते कशी?
— एक ऑक्टोपॅडवाला, पेण

भाऊ, वादक फार भारी नाहीत यातच अर्धं उत्तर आलं. भारी वादक पार्टीत राहतच नाही, तो मुंबईला जातो, कोणाच्या तरी टूरवर जातो, नाहीतर स्वतःची पार्टी काढतो आणि मग तीच दिवाळीनंतर फुटते. टिकते ती पार्टी जिचा मालक कीबोर्डपेक्षा तारखांची वही जास्त सांभाळतो. मी एका जुन्या पार्टीवाल्याची वही नीट चाळलीय, नुसतं तारीख आणि गाव एवढंच नव्हतं त्यात. सुपारी कोणाच्या ओळखीनं आली, इसार किती घेतला, टेम्पो दारापर्यंत जातो की साउंड डोक्यावर न्यावा लागतो, जनरेटर कोणाचा, जेवण किती वाजता मिळालं, मुलाकडचे की मुलीकडचे, आणि एका पानावर लाल पेनानं "मामा दारू पिऊन माइक मागतो, देऊ नये". आता त्याच घरात सात-आठ वर्षांनी धाकट्याचं लग्न निघालं की हा माणूस फोनवर आधी त्या मामाची तब्येत विचारतो. असं झाल्यावर ते घर दुसऱ्या पार्टीला कशाला फोन करेल सांगा.

दुसरं म्हणजे प्रत्येक जागेला दोन माणसं. ढोलकीवाला आजारी पडला, कीबोर्डवाल्याच्या घरी बारसं निघालं, गायिकेचा घसा बसला, तरी तारीख चुकत नाही. नवीन पोरांचं काय होतं, पाच मित्र एकत्र येतात, पाचही जण स्टार, बदली कोणीच नाही, आणि ज्या दिवशी एकजण रुसतो त्या दिवशी पार्टी बसली. जुन्या पार्टीचं नाव एसटीच्या रूटसारखं असतं, ड्रायव्हर-कंडक्टर बदलत राहतात पण गावाला माहीत असतं सकाळची गाडी येणार म्हणजे येणार.

आणि नावाची भांडणं. पार्टी फुटली की दोन्ही गट तेच नाव लावतात, एक पुढे "न्यू" लावतो दुसरा "ओरिजिनल", आणि गिऱ्हाइकाला कळत नाही वडिलांच्या वरातीत वाजलेले नक्की कोण. सुरुवातीलाच एका कागदावर लिहून ठेवा नाव कोणाचं, सोडून जाणारा ते वापरणार की नाही. जमलं तर ट्रेडमार्क करा, करमणुकीच्या सेवा वर्ग ४१ मध्ये येतात, एका व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं चालते, मग रिन्यू करायची. टी-शर्टच्या आधी हे करा असं माझं स्पष्ट मत आहे.

गाण्यांची लिस्ट कशी बनवता? जुनी ठेवायची की नवीन घ्यायची? आम्ही सगळी ट्रेंडिंग गाणी बसवली तरी पब्लिक अर्ध्यात बसून घेतं.
— बॅन्जो पार्टीतला एकजण, विरार

पब्लिक बसतं ते गाणं जुनं की नवीन म्हणून नाही हो, तुम्ही दोन गाण्यांच्या मधे थांबता म्हणून बसतं. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, कीबोर्डवाला टोन शोधतोय, गायक पाणी पितोय, निवेदक "कशी वाटली मंडळी" म्हणतोय, की संपलं. नाचणारा माणूस एकदा खुर्चीवर टेकला की त्याला परत उठवायला दोन गाणी जातात. म्हणून लिस्ट करताना आधी ठेका बघा, मग पट्टी, आणि गाण्याचं वय सगळ्यात शेवटी.

आता हे जरा सविस्तर सांगतो कारण खरी कारागिरी इथेच आहे. तुमच्याकडची बरीचशी कोळीगीतं झुलत्या ठेक्यात असतात, सहा मात्रांच्या, आणि हिंदी डान्स नंबर बहुतेक सरळ चारात. सहातून एकदम चारात उडी मारली की नाचणाऱ्याचा पाय अडखळतो, का अडखळला हे त्याला कळत नाही पण तो बाजूला होतो. मुरलेला ऑक्टोपॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचे पॅड वाजवणारा, काय करतो, शेवटचा मुखडा संपता संपता बाकीच्यांना डोळ्यानं थांबवतो, फक्त खालची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा जाड ठोका, चालू ठेवतो. सहा मात्रांत मोठे ठोके दोन आणि प्रत्येकाच्या पोटात तीन-तीन तुकडे असतात. त्या मोठ्या ठोक्याचं अंतर तो अजिबात हलवत नाही, पोटातले तीन काढून तिथे दोन भरतो, चार आवर्तनं तसंच नुसतं वाजवतो, लोक वर हात करून टाळ्या द्यायला लागतात, आणि तेवढ्या वेळात कीबोर्डवाल्यानं टोन बदललेला असतो, ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायचं बटण, लावलेलं असतं. मग नवीन गाण्याची सुरुवातीची धून पडते आणि कोणाला कळतही नाही मधे काही बदललं. ट्रान्सपोज विसरू नका तेवढं. गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गात होता आणि आता गायिका काळी चारमधून उचलणार, बटण राहिलं तर ती बिचारी पहिली ओळ कुठून घेणार.

जुनं-नवीन म्हणाल तर माझा हिशोब असा की हळदीला आजी पण असते आणि दहावीतला पोरगा पण. दर चार-पाच गाण्यांत एक असं हवं की जे आजीला ओठावर येतं. ट्रेंडिंग गाणं तीन महिन्यांत मरतं, ते बसवायला पूर्ण दोन रात्री घालवू नका, मुखडा आणि त्याची धून बसवा, अंतरा कोणी ऐकत नाही. पण जुनं गाणं घेतलं तर मात्र त्यातला प्रत्येक पीस, म्हणजे मधला वाद्यांचा तुकडा, बरोबर पाहिजे, कारण तो लोकांच्या कानात कॅसेटच्या जमान्यापासून बसलाय आणि बासरीचा एक सूर चुकला तरी समोरचा काका मान हलवतो.

पैशाची वाटणी कशी करावी? आमच्यात यावरूनच वाद.
— नाव छापू नये

नाइट, म्हणजे प्रत्येकाचं एका कार्यक्रमाचं मानधन, ठरवून टाका, सरळ. समजा सुपारी ४० हजारांची झाली. आधी साउंड, टेम्पो, डिझेल बाजूला, मग वाद्यांच्या दुरुस्तीसाठी एक ठरलेली रक्कम बाजूला (ही काढायला सगळे विसरतात आणि मग कीबोर्डची की तुटली की वर्गणी), मग प्रत्येकाची ठरलेली नाइट, आणि उरेल ते मालकाचं कारण फोन त्याला येतात, शिव्या पण त्यालाच पडतात. समान वाटणी ऐकायला छान वाटते पण सुपारी रद्द झाली की तोटा समान वाटून घ्यायला कोणी येत नाही. उधळलेले पैसे आणि बक्षिसी एका डब्यात टाकायची आणि तिथल्या तिथे मोजून वाटायची, गाडीत बसल्यावर नाही. इसार परत मिळणार की नाही ते पावतीवर छापून घ्या. मार्च २०२० नंतर लग्नात ५० माणसांची मर्यादा आली तेव्हा किती जणांची इसारावरून कायमची तोंडं फिरली ते मी बघितलंय, २०२० आणि २०२१ चे गणपती तर मिरवणुकीशिवायच गेले.

आणि हो, एक गैरसमज. लोक म्हणतात कलाकाराला जीएसटी माफ असतो. ती सूट लोककला किंवा शास्त्रीय कलेच्या प्रयोगाला आहे, आणि मानधन दीड लाखापर्यंत असेल तर. सिनेमाची गाणी वाजवणं त्यात धरू नका. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणीच लागत नाही, तालुक्यातल्या बहुतेक पार्ट्या त्यातच येतात. नक्की काय ते आपल्या सीएला विचारा, मी पेटीवाला माणूस आहे.

लग्नात गाणी वाजवायला लायसन्स लागतं असं हॉलवाला म्हणाला आणि जास्तीचे पैसे मागितले. खरं आहे का?
— एक पार्टी चालक, नाशिक

लग्नासाठी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट आहे आणि लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक कार्यक्रम त्यातच धरलेत, म्हणजे हळद, संगीत वगैरे. यावरून इतकी ओढाताण झाली की केंद्राच्या उद्योग खात्यानं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून परत सांगितलं की लग्नाच्या कार्यक्रमासाठी कोणी रॉयल्टी मागू नये. ती सूचना मोबाइलमध्ये ठेवा आणि हॉलवाल्याला दाखवा, आवाज न चढवता.

पण तुम्ही तिकीट लावून "सुवर्णकाळाची गाणी" टाइप शो केला, किंवा हॉटेलात थर्टीफर्स्टला वाजवलं, तर गोष्ट वेगळी. तिथे शब्द आणि चाल यांची रॉयल्टी लागते, ती आयपीआरएस ही संस्था गोळा करते, १९६९ पासूनची आहे, आणि लायसन्स सहसा आयोजकानं काढायचं असतं. तुमच्या करारात ते लिहून घ्या नाहीतर शेवटी बोट तुमच्याकडे. मूळ रेकॉर्डिंग वाजवलंत तर त्याचे हक्क परत वेगळे, लाइव्ह वाजवणाऱ्याला तो प्रश्न येत नाही.

आणि रेकॉर्डिंग करून विकायचं असेल तर अजून वेगळं. जुन्या कायद्यात व्हर्जन, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून परत गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, आतापेक्षा सहज काढता यायचं आणि त्या जोरावर ऐंशी-नव्वदच्या दशकात व्हर्जन कॅसेटचा पूर आला होता, आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्याच कॅसेटी ऐकून गाणी बसवली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३१सी आलं, आता मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं आणि वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. गावच्या पार्टीनं या फंदात पडू नये असं मला वाटतं.

डीजे आल्यावर लाइव्ह पार्टीचं संपलंच ना? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.
— निवृत्त ट्रम्पेटवादक, सातारा

काका, धीर देत नाही. वरातीतलं बरंचसं काम डीजेनं खाल्लं हे खरंच आहे. एक माणूस, एक लॅपटॉप, न दमता सहा तास, आणि वादकांच्या जेवणाची पानं वाचतात. पण तुमचा धंदा आधीही एकदा असाच खाल्ला गेला होता, सनई-चौघड्याचं काम ब्रास बँडनं घेतलं, ब्रासचं काही ऑर्केस्ट्रा आणि बॅन्जोनं घेतलं, तरी पुण्यात प्रभात आणि दरबार ही बँडची नावं अजून मिरवणुकीशी जोडलेली आहेतच. संपत कोणी नाही, जागा आक्रसते.

लाइव्हला आता जी जागा उरलीय ती बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. सभागृहासारख्या बंद जागेत, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं, रात्रीही चालतं. भिंतीएवढे डीजे लावणाऱ्याला हे जड जातं, त्याची मजाच आवाजात आहे. तुम्ही मात्र दोन स्पीकर आणि एक सॅक्सोफोन घेऊन हॉलमध्ये लोकांना नाचवू शकता. अजून एक गोष्ट डीजेला जमत नाही, नवरीच्या आत्यानं स्टेजवर येऊन "मला ते गाणं म्हणायचंय" म्हटलं की तिच्या गळ्याची पट्टी दोन शब्दांत ओळखून मागे वाजायला लागणं. अशा आत्या प्रत्येक घरात आहेत.

मिरवणुकीत मात्र डीजेशी आवाजाची स्पर्धा करू नका, हरालच आणि कान जातील ते वेगळे.

मी एका पार्टीत गाते. नाइट गायकापेक्षा कमी मिळते आणि घरी पोचायला पहाटेचे तीन. घरचे आता नको म्हणतात. काय करू?
— एक गायिका, सांगली जिल्हा

ताई, आधी नाइटचं. पार्टीतली निम्मी तरी गाणी तुमच्यावर किंवा ड्युएटवर असतील, ती मोजून मालकासमोर ठेवा, नुसतं "मला पण तेवढेच द्या" म्हटलं की तो हसून विषय बदलतो, मला माहितीये ही जमात. जायच्या-यायच्या गाडीचं सुपारी घेतानाच ठरलं पाहिजे, टेम्पोत सामानाबरोबर नाही, आणि घराच्या दारापर्यंत. ज्या पार्ट्या वर्षानुवर्षं टिकल्यात त्यांच्यात ही शिस्त मला दिसलीय, गायिकेला आधी सोडायचं मग साउंड उतरवायचा. स्टेजवर पैसे लावायला कोणी जवळ आला तर निवेदकानं मधे यायचं, ते त्याचं काम आहे, तुमचं नाही. आणि हे सगळं सांगूनही मालक टाळत असेल तर दुसरी पार्टी बघा, चांगल्या गायिकेवाचून अडलेल्या पार्ट्या भरपूर आहेत, आपली किंमत आपल्यालाच माहीत नसते कधीकधी.

थोडक्यात काही:

*नवीन कीबोर्ड कोणता घेऊ?* तुमच्या भागातले बाकीचे वादक जो वापरतात तो. कारण टोन आणि सेटिंगच्या फाइल त्यांच्याकडून मिळतात आणि ऐन कार्यक्रमात बंद पडला तर बदली पण त्यांच्याकडूनच मिळतो.

*बॅन्जो हे वाद्य नेमकं कुठलं, अमेरिकन बँजोचं काही नातं?* नाव सोडून काही नाही. आपला बॅन्जो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानमधलं ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात तयार झालेलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. आपल्या लोकांनी त्याला गिटारसारखा पिकअप (तारांचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा भाग) लावला, इफेक्टच्या पेटीतून काढला आणि मिरवणुकीत इलेक्ट्रिक गिटारसारखा ओरडायला लावला.

*ऑक्टोपॅड आला तेव्हा ढोलकी-तबलेवाल्यांची कामं गेली का?* रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५ चा, आपल्या गावापर्यंत यायला वेळ लागला. काहींची गेली. पण लावणीला खरी ढोलकी नसेल तर पश्चिम महाराष्ट्रात अजून लोक तोंडावर सांगतात, त्यामुळे ढोलकीवाला टिकला, कोंगो-बोंगो वाजवणारे साइड रिदमवाले मात्र भरडले.

*माइकला ओठ लागला की शॉक बसतो.* हसण्यावारी नेऊ नका, माणसं गेलीत असल्या शॉकनं. स्टेजवरचं सगळं सामान एकाच सप्लायवरून घ्या, जनरेटरचं अर्थिंग लावल्याशिवाय आणि इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय कोणी माइक हातात घ्यायचा नाही. नुसता माइकवर रुमाल गुंडाळून गाणारे आहेत, तो उपाय नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. आता वय झालं, नातू विचारतो आजोबा तुमचं गाणं कुठलं, आणि मला उत्तर देता येत नाही. तुम्हाला कधी असं वाटतं का?
— एक जुने अ‍ॅकॉर्डियनवादक, कोल्हापूर

वाटतं की. पण मला त्याचा त्रास होत नाही आणि का होत नाही ते सांगतो. सिनेमातलं गाणं पन्नास-साठ वादकांचं असायचं, व्हायोलिनचा ताफाच्या ताफा, आणि तुम्ही लोकांनी ते पाच माणसांत बसवलं. व्हायोलिनची ओळ अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यावर, सतारीचा तुकडा मेंडोलिनवर, हे कोणी नोटेशन दिलं नव्हतं, रेडिओ आणि कॅसेट मागे-पुढे करून कानानं उचललेलं. कुठला सूर सोडला तर गाणं मोडतं आणि कुठला सोडला तरी कोणाला कळत नाही, हे ठरवणं म्हणजे अरेंजरचंच काम आहे, फक्त त्याचं नाव कुठे छापलं जात नाही. कोल्हापुरात तुमच्या पार्टीचं ते गाणं आणि सांगलीतल्या पार्टीचं तेच गाणं वेगळं वाजतं ना? मग तो जो फरक आहे तो तुमचा. नातवाला मूळ गाणं लावून दाखवा आणि मग अ‍ॅकॉर्डियन काढून तुमचं वाजवा, पोरांचे कान तेज असतात.

एक मागणं मात्र आहे, सगळ्याच पार्ट्यांकडे. निवेदकाला नटाचं नाव घ्यायची सवय आहे, "आता सादर करतोय अमुक हिरोचं सुपरहिट गाणं". गीतकार आणि संगीतकाराचं नाव घ्या हो. एक वाक्य जास्त लागतं.

फर्माईश आली आणि ते गाणं येतच नसेल तर काय सांगायचं?
— नवीन गायक, चिपळूण

"येत नाही" असं सांगायचं आणि लगेच त्याच ठेक्यातलं येणारं गाणं सुरू करायचं. मधे दोन सेकंद पण जाऊ द्यायची नाहीत. "पुढच्या फेरीत घेतो" असं खोटं सांगितलं की तो माणूस रात्रभर स्टेजसमोरून हलत नाही.